सासऱ्याच्या शेडमधली तोफ

ताडपत्री ओढली आणि ती वस्तू उघडी पडली, तेव्हा शेडमध्ये जमलेल्या सगळ्या पुरुषांनी दोन्ही हात खिशात घातले आणि माना तिरक्या केल्या. न कळणाऱ्या यंत्रासमोर उभं राहायची उत्तर मिनेसोटातली हीच रीत आहे. खाली दोन चाकं, चाकांवर डब्यासारखी टाकी, टाकीवर आडवं नळकांडं. नळकांड्याच्या एका टोकाला पंखा आणि दुसऱ्या टोकाला काळं, आ वासलेलं तोंड. हरलेल्या एखाद्या छोट्याशा राज्याची तोफ असावी तशी ती दिसत होती.

"भंगार!" डेल्मर बाकेनने निकाल दिला. म्हातारा एइनार बाकेन वसंतात गेला, त्याचा हा थोरला मुलगा. गावच्या आगीच्या बंबाचा प्रमुखही तोच, त्यामुळे त्याचे निकाल जरा मोठ्याने निघत. "अरे बैला, बघतोस काय, उचल ती!" असं तो धाकट्या भावावर, व्हर्नवर, ओरडला. "तूच उचल रे म्हशीच्या," व्हर्न प्रेमाने म्हणाला. मग ओर्लिन टॉलेफसन मदतीला पुढे झाला आणि डेल्मरचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला.

"तुम्ही कशाला त्रास घेता, ओर्लिन? तुम्ही आत बसा ना. कॉफी गरम आहे."

ओर्लिनला हेच झोंबायचं. तो बाकेनांचा जावई. या घराण्यात माया शिव्यांतूनच वाहायची. म्हातारा एइनार मरताना व्हर्नला शेवटचं काय म्हणाला, तर "गाढवा, खिडकी लाव." आणि व्हर्न अजून ते वाक्य सांगताना डोळे पुसतो. मात्र ओर्लिनला त्या घरात कधी कोणी साधं 'माठ्या' म्हटलं नव्हतं. डेल्मरच्या बहिणीशी, आर्डिसशी, लग्न झालं त्या दिवसापासून तो पाहुणा होता. त्याला चांगली खुर्ची मिळे, पहिलं ताट मिळे आणि काम मात्र मिळत नसे. गणिताचा मास्तर, त्याच्या हातात पाना कोण देणार! आपल्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह बिचारा पस्तीसएक वर्षं कुंडलीबाहेर फिरत होता आणि आत कधी घेतात याची वाट बघत होता.

त्यातून जूनमध्ये तो निवृत्त झाला. ज्याला उभ्या जन्मात वर्गात येरझाऱ्या घालायची सवय, तो घरात किती वेळ बसणार? ऑक्टोबरपर्यंत त्याने मसाल्याच्या बाटल्या अक्षरानुक्रमे लावल्या, मग आकारानुसार लावल्या आणि मग आर्डिसने त्याला स्वयंपाकघरातून हद्दपार केलं. "ओर्लिन," ती म्हणाली होती, "तू कुठेतरी जा. कुठे ते विचारू नकोस."

तर असा हा अस्वस्थ माणूस शेडमध्ये उभा होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी नेतो ती. दुरुस्त करून चालू करतो."

"वा," डेल्मर अदबीने म्हणाला, "हे काहीतरी वेगळंच झालं."

आता, तिकडच्या माणसाने एखाद्या गोष्टीला 'वेगळं' म्हटलं की समजावं, याहून वाईट शब्द त्याच्या शब्दकोशात नाही. ओर्लिन तिथेच जन्मला होता. त्याला अर्थ लख्ख कळला. घरी येईपर्यंत त्याचे कान लाल होते, आणि ते थंडीने नव्हे.

पहिला प्रश्न असा, की ही वस्तू आहे तरी काय?

गॅरेजमध्ये ती आणून ठेवली आणि शेजारचा टोइवो कॉफीचा पेला घेऊन आला. टोइवो फिनिश, म्हणजे मूळच्या फिनलंडच्या घराण्यातला. हा माणूस थेट कोणाला काही म्हणून सांगत नाही. त्याच्या सगळ्या सल्ल्यांत 'एखादा माणूस' असतो. "एखादा माणूस म्हणेल," तो पंधरा मिनिटं बघून म्हणाला, "की हे डास मारायच्या धुराचं यंत्र आहे." हॉटेलातल्या सकाळच्या मंडळींनी मका वाळवायचं यंत्र ठरवलं. एकाने तर युद्धात विमानाची इंजिनं शेकायला वापरत असं सांगितलं आणि वर, ते युद्ध आपणच जिंकून दिल्यासारखा चेहरा केला. कंपनीचं नाव असलेली पट्टी होती, पण सासऱ्याला रंगाचा भारी सोस. ट्रॅक्टर रंगवून रंग उरला की तो समोर दिसेल त्याला लावत असे. ओर्लिनने हिरव्याखालचा पिवळा, पिवळ्याखालचा करडा असे थर खरवडले, तर खाली पट्टी गुळगुळीत. अक्षरंही रंगाबरोबर निघून आली.

पण गणिताचा माणूस पट्टीवाचून अडत नाही. नळकांड्याच्या तोंडाशी तारेचा एक आकडा होता आणि त्या आकड्याला चिकटून बसला होता लोकरीचा एक जळका हातमोजा, अंगठा नसलेला. ओर्लिनने टोइवोला हातमोजा दाखवला आणि जणू फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, "डास मारायच्या यंत्रावर हातमोजे कोण वाळवतं? कोणी नाही. मका उन्हाळ्याच्या शेवटी वाळवतात, तेव्हा हातात लोकर असते का? नसते. विमान तर एइनारकडे नव्हतंच. म्हणजे उरतं काय? शेडमध्ये काम करताना हिवाळ्यात ऊब देणारी रॉकेलची शेगडी! मागून पंखा हवा ढकलतो, आत तेलाचा फवारा पेटतो आणि पुढून गरम झोत निघतो. इति सिद्धम्."

"असेलही," टोइवो म्हणाला. म्हणजे, नाही.

शेगडी ठरली, आणि ओर्लिनच्या अंगात वारं शिरलं. त्याने ती पार सुटी केली. सगळे भाग गॅरेजच्या जमिनीवर वर्तमानपत्रांवर मांडले आणि आर्डिसची गाडी बाहेर बर्फात उभी राहिली. आतून मिळालेला ऐवज असा: उंदराचं घरटं, एक गंजलेली खिळ्यांची पुडी आणि काकवीसारखं झालेलं जुनं तेल. तेलाची तोटी त्याने आर्डिसच्या शिवणाच्या सुईने साफ केली. सुई पुन्हा पेटीत गेली नाही. "ही माझी बारीक सुई होती," आर्डिस म्हणाली. "आता ती जाड झाली," ओर्लिन म्हणाला, आणि त्या रात्री त्याने ताट स्वतःच वाढून घेतलं.

पंख्यावर त्याने विशेष मेहनत घेतली. तो काढून, घासून, पॉलिश करून असा चकचकीत केला की त्यात दाढी करावी. मग तो परत बसवला. मग नळकांड्याला लाल रंग दिला, सासऱ्याच्या कोठाराला लावून उरलेला. (उरलेल्या रंगाचा सोस जावयालाही सासऱ्याकडून मिळाला, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.) जोडल्यावर काहीच उरलं नाही. एकही स्क्रू उरला नाही म्हणजे यंत्र बरोबर जुळलं, असा त्याचा सिद्धांत होता. या सिद्धांताला एक भोक होतं, ते पुढे येईल.

टोइवो बघायला आला. बघून झालं. मग तो निघाला, म्हणजे निघायला लागला. त्या गावात माणूस निघाला की आधी "तर मग" म्हणतो, मांड्यांवर हात आपटतो, दाराशी येऊन उभा राहतो आणि खरं बोलणं तिथे सुरू होतं. दाराच्या कडीवर हात ठेवून त्यांनी हरणांची शिकार, डुलुथच्या हॉस्पिटलातलं पार्किंग आणि कोणाच्या तरी सुनेचं दुसरं लग्न एवढं उरकलं. थंडी आत येत होती. आणि शेवटी, एक पाय बाहेर ठेवून टोइवो म्हणाला, "एखाद्या माणसाला वाटलं, तर तो त्या पंख्याकडे एकदा बघेल."

दुसऱ्या कुठल्या गावात याचं भाषांतर 'अरे थांब, घात होईल!' असं झालं असतं. ओर्लिनला ते कळायला हवं होतं. पण त्या पंख्याच्या चकाकीवर तो इतका खूश होता, की त्याला वाटलं टोइवो कौतुक करतोय. "आहेच बघण्यासारखा," तो म्हणाला. टोइवोने टोपी कानांवर ओढली आणि तो घरी गेला. दोनदा सांगणं म्हणजे भांडण, असं त्याला लहानपणी शिकवलं होतं.

मध्ये सरकारही आलं. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये रॉकेल जाळायचं तर गावाचा परवाना लागतो, असं आर्डिसने कुठूनसं ऐकून आणलं. ओर्लिन गावाच्या कचेरीत गेला. तिथे टेबलामागे लावॉन, त्याचीच जुनी विद्यार्थिनी. भूमितीत कशीबशी सुटली होती, त्याचा वचपा आता नियमांतून काढत होती.

"बनावट कुठली, सर?"

"माहीत नाही. पट्टी पुसली गेलीय."

"मग मी काय लिहू? ज्याची बनावट माहीत नाही असं यंत्र बंबाच्या प्रमुखाने येऊन तपासावं लागतं."

बंबाचा प्रमुख म्हणजे डेल्मर. डेल्मर येणार, हात खिशात घालणार आणि म्हणणार, 'छान आहे, ओर्लिन.' त्यापेक्षा गारठून मेलेलं बरं. "ती चालवायची नाहीये मुळी," ओर्लिन घाईने म्हणाला. "नुसती ठेवायचीय. बघायला."

"प्रदर्शन," लावॉन म्हणाली. "प्रदर्शनाला परवाना लागत नाही."

असा तो कायद्याच्या दृष्टीने सुटला आणि त्याने ती बाहेर गाडीवाटेवर पेटवून पाहिली. सरोवरावरून सोसाट्याचा वारा मागून येत होता. तोफ घरघरली, खोकली आणि एकदम गर्जली. समोरच्या बर्फाला बघता बघता खड्डा पडला. ओर्लिन तिथेच एकटा नाचला. त्या वाऱ्याने पंख्याचं काम केलं होतं आणि धूरही तोच घेऊन गेला होता, पण विजयी माणूस वाऱ्याचे उपकार मोजत नाही.

पुढच्या आठवड्यात चर्चचा बॉयलर फुटला.

फुटला तो नेमका नाताळच्या बाजाराआधी. त्या बाजारात चर्चच्या बायकांनी लाटलेले लेफ्से विकले जातात. लेफ्सा म्हणजे बटाट्याची पोळी. पातळ, मऊ, मोठ्या गोल तव्यावर भाजलेली, आणि पांढरी. तिच्या पांढरेपणावर तिथल्या बाईची पत ठरते. त्या जिथे लाटतात ते चर्चचं तळघर गारठलेलं, पीठ दगड झालेलं, आणि लेफ्सा समितीची अध्यक्षीण कोण, तर लावॉन. तिने फोन केला.

"सर, तुमचं ते प्रदर्शन... गरम होतं का?"

आता नाही म्हणता येतं का? आर्डिस शेजारी उभी राहून मान हलवत होती, होकाराची की नकाराची ते तिला स्वतःलाही माहीत नसावं. शिवाय ओर्लिनच्या मनात एक चित्र उभं राहिलं. गॅरेजभर बायका, मध्ये त्याची तोफ, आणि संध्याकाळी गावात एकच बोलणं, की एइनारच्या शेडमधलं भंगार जावयाने जिवंत केलं. ते बोलणं बंबाच्या ठाण्यावर पोचणारच. "होतं," तो म्हणाला. "चांगलंच होतं."

शनिवारी सकाळी बायका आल्या. अंगात कोट, कोटावर एप्रन. लांब टेबलं लागली, तवे लागले, पिठाचे गोळे लागले. ओर्लिनने गॅरेजचा दरवाजा हातभर वर ठेवला, रॉकेल भरलं, आणि सगळ्यांच्या देखत, अगदी फीत कापावी तसं, बटण दाबलं.

तोफ गर्जली. ऊब आली. बायकांनी कोटाची बटणं काढली. "किती छान हो, सर!" लावॉन ओरडून म्हणाली. ओरडूनच, कारण आवाज विमानासारखा होता. आर्डिसने नवऱ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांत असं बघितलं नव्हतं. ओर्लिन भिंतीला टेकून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो एका जागी निवांत उभा होता.

तो निवांतपणा टिकला कॉफीच्या पहिल्या फेरीपर्यंत.

आधी लाल रंगाला फोड आले. त्याला वास सुटला, जळक्या कोठाराचा. त्या वासाबद्दल कोणीच बोललं नाही. यजमानाच्या गॅरेजचा वास, आपण कसं बोलायचं? मग छताजवळ काहीतरी तरंगायला लागलं. बारीक, काळं, अलगद. पहिला कण पडला तो पास्टरबाईच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या बायकोच्या, लेफ्शावर. तिने तो हळूच नखाने काढला. दुसरा पडला. तिसऱ्यानंतर तिने तो लेफ्सा उलटा केला. मग काजळी पडायलाच लागली. काळा बर्फ पडावा तशी ती टेबलांवर, तव्यांवर, पांढऱ्याशुभ्र पोळ्यांवर, चष्म्यांवर उतरत होती, आणि खाली सगळ्या बायका मन लावून लाटत होत्या. पहिली कोण बोलणार? जी बोलेल तिने ओर्लिन सरांचा अपमान केला असं होणार. लावॉनच्या नाकावर काजळीचा ठिपका होता आणि तिच्या समोरची बाई त्या ठिपक्याशी गप्पा मारत होती, पण ठिपक्याबद्दल एक अक्षर नाही.

"जरा ढगाळ झालंय, नाही?" कोणीतरी म्हणालं.

"हो, पण ऊब आहे."

"ऊब काय, आहेच."

ओर्लिनला दिसत होतं. सगळं दिसत होतं. तो बटणाकडे निघाला, पण बटण बंद करणं म्हणजे कबूल करणं. तो परत भिंतीशी आला. मग तोटीकडे गेला, हवेचा स्क्रू अर्धा फिरवला, तर धूर दुप्पट झाला. हे सगळं गाव उद्या त्याला म्हणणार होतं, 'छान होतं हो.' आयुष्यभर म्हणणार होतं.

हातभर उघड्या दारातून बाहेर येणारा काळा लोट रस्त्यावरच्या कोणाला तरी दिसला, आणि त्याने जे करायचं ते केलं.

बंबाची घंटा लांबून ऐकू आली तेव्हा ओर्लिनने डोळे मिटले. दरवाजा वर सरकला. दारात शिरस्त्राण घातलेला डेल्मर, मागे नळी घेऊन व्हर्न. आत काळवंडलेल्या बायका लाटणी हातात धरून वळल्या आणि सभ्यपणे म्हणाल्या, "या, कॉफी घेणार?"

डेल्मरने बघितलं. बायकांकडे, पोळ्यांकडे, तोफेकडे. मग त्याने शिरस्त्राण काढलं आणि ओर्लिनला ज्याची भीती होती तेच तो अदबीने म्हणाला, "छान आहे, ओर्लिन. वेगळं आहे."

ओर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं म्हणा हवं तर, पण ते धुराचं नव्हतं. "तुम्ही बसा," डेल्मर म्हणाला. "मी बंद करतो." तो तोफेच्या मागच्या बाजूला गेला, बटण दाबलं, आणि उठता उठता थबकला. वाकला. तोफेचा आवाज थांबला होता आणि तव्यावरचं पीठ चरचरताना ऐकू येत होतं.

डेल्मरची मान हळूहळू लाल झाली. बाकेनांची मान लाल होते ती कधी, हे आर्डिसला पक्कं माहीत होतं. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"अरे गाढवा!" डेल्मर एवढ्याने ओरडला की बाहेर बंबावरचा माणूस उभा राहिला. "गाढवाच्या गाढवा! पंखा उलटा बसवलायस! पाती बघ, पाती! ही हवा ढकलतात का नुसती वाऱ्यावर हात हलवतात? हवा नाही तर तेल जळणार कसं, मास्तरड्या? आणि हा रंग? शेगडीला कोठाराचा रंग? डोकं आहे का खोकं? चाळीस वर्षं पोरांना काय शिकवलंस, अं? उलटं-सुलटं?"

लावॉनच्या तोंडाचा आ झाला. पास्टरबाईने छातीवर हात ठेवला. व्हर्नने नळी खाली टाकली आणि तो ओर्लिनकडे बघत राहिला.

ओर्लिन उभा होता तिथेच. त्याच्या चेहऱ्यावर काजळी होती आणि काजळीतून दोन ओल्या रेघा खाली आल्या होत्या. त्याने नाक बाहीला पुसलं.

"मग तू काय हात खिशात घालून उभा आहेस, बैला?" तो म्हणाला. आवाज जरा चिरकला, पण निघाला. "एवढा शहाणा आहेस तर धर ते टोक! सोळाचा पाना खोक्यात आहे."

"सोळाचा? तो कशाला सोळाचा? आंधळा आहेस का?"

"तूच आंधळा! हे नीट बघ!"

"बघतो ना! जन्मभर तेच बघत आलोय, सरक तिकडे, माठ्या!"

दोघं गुडघ्यांवर बसले. व्हर्नही घुसला, त्याच्यावर दोघं मिळून ओरडले. पंखा निघाला. तो कसा उलटा आहे यावर दोघांचं पुन्हा वाजलं, आणि पाना बोटावर बसला तेव्हा ओर्लिनने अशी एक शिवी दिली जी त्याला येते हे आर्डिसलाही ठाऊक नव्हतं. डेल्मर हसायला लागला. पोट धरून, शिरस्त्राण लवंडून.

लावॉन घाबरून आर्डिसजवळ सरकली. "अगं, हे तर भांडतायत! पास्टरांना बोलावू का?"

आर्डिस चष्मा काढून एप्रनने पुसत होती. काजळी निघायच्याऐवजी पसरतच होती, तरी ती पुसत राहिली.

"नको गं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी माझा नवरा आज माझ्या माहेरी आलाय."